सायीचा रंग

"डोळे मीट," आप्पा म्हणाले.

हेमाने डोळे मिटले. आप्पांनी मलमलचा एक धुवट तुकडा गाडीच्या दारावर पसरला, तिचा तळहात उचलून त्यावर ठेवला. "दाबू नकोस. मांजराच्या पाठीवरनं फिरवावा तसा नुसता फिरव."

तिचा हात बिजागरीकडून कडीकडे सावकाश सरकला. मध्येच थांबला, जरा मागे आला.

"इथे," ती म्हणाली.

"काय आहे इथं?"

"खोलगट आहे. अगदी किंचित. तुरीची डाळ ठेवली तर घरंगळणार नाही, एवढंच."

आप्पांनी खिशातून खडू काढून तिथे गोल केला. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी डेपोतल्या पत्रा कापायच्या यंत्रात मधल्या पेरापासून गेली होती, त्यामुळे खडू ते अंगठा आणि मधल्या बोटात धरायचे. गोल करून त्यांनी स्वतःचा हात फिरवून पाहिला आणि मोठ्याने हसले.

"पोरी, तुझा हात ऐकतो!"

मी ओसरीवर पेपर उघडून बसलो होतो. पेपर आमचाच होता. त्यातल्या निम्म्या बातम्या आदल्या दिवशी माझ्या हातून गेलेल्या. वाचण्यासारखं काही नव्हतं.

हे वाक्य मला माहीत होतं. उलट्या बाजूने माहीत होतं. मी शाळेत होतो तेव्हा आप्पांनी असाच एक पत्रा, असाच मलमलचा तुकडा माझ्या हाताखाली ठेवला होता. मी हात फिरवला, पुन्हा फिरवला. मला पत्रा लागत होता, बाकी काही लागत नव्हतं. शेवटी अंदाजाने एक जागा सांगितली. आप्पा रागावले नाहीत. "जाऊ दे. तुझा हात बहिरा आहे रे," एवढंच म्हणाले आणि मलमल घडी करून ठेवून दिली. त्यानंतर त्यांनी मला कधी पत्र्याजवळ बोलावलं नाही. मी कागदाकडे वळलो.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची, सांगलीतली. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून बॉडी सेक्शनचे हेड म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठोकलेल्या बसगाड्या सरळ केल्या. आता एक गाडी स्वतःची करायची, असं त्यांनी घेतलं होतं मनावर. साखर कारखान्याच्या जुन्या डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड त्यांच्या बंगल्यामागे चिंचेखाली कित्येक वर्षं पडून होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घेऊन जा हो. नाहीतर साप संसार थाटतील तिच्यात." ट्रॅक्टरला बांधून ती आमच्या अंगणात आली. दोन दारांची, बसकी, आणि अख्खं नाक पुढच्या बाजूला उघडणारी. खालून गंजलेली, वरून चेपलेली.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. हेमा पेणची. तिच्या माहेरी गणपतींचा कारखाना. मूर्ती घासायची, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, कॉम्प्रेसरवर रंग फवारायची गन चालवायची, हे ती परकर नेसायच्या वयापासून करत आलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने अंगणातल्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आप्पांची जुनी गन पाहिली, हातात घेतली, तिच्या तोंडाशी डोळा लावून म्हणाली, "आप्पा, हिची सुई वाकलीय."

आप्पांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. माझ्या आठवणीत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून सकाळी चहा झाला की अंगणातून हाक यायची, "पोरी, आलीस का?" आणि ती पदर खोचून निघायची. आप्पा आतून डॉली, म्हणजे लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा, लावून बाहेरून हातोडी चालवायचे, ती कान देऊन ऐकायची. खड्डे भरायची लांबी ती काचेवर मळायची, पातळ पट्टीने ओढायची, वाळली की पाणी घालत पॉलिश पेपरने घासायची. दोघांची एक भाषा तयार झाली होती. "पोट आलंय." "मग कान पकडा त्याचा." आणि हसायचे. हसताना आप्पांचा वरचा एक दात पडलेला आहे हे मला तेव्हा कळलं. घरात त्यांचं तोंड एवढं उघडतच नसे.

माझी ड्युटी दुपारची. सकाळभर मी घरी. कधी चहा घेऊन जवळ गेलो की आप्पा म्हणायचे, "संपादक, जरा बाजूला व्हा की. उजेड अडतोय."

मी संपादक नव्हतो. उपसंपादक होतो. त्यांना हा फरक ठाऊक होता.

"या ना तुम्ही पण," हेमा म्हणायची. "हा कोपरा घासा माझ्याबरोबर."

"नको. मला हापिसला जायचंय."

"अजून वेळ आहे की."

"कपडे खराब होतील."

आई एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मुकुंदा, बाप तुझा, बायको तुझी, गाडी तुझ्याच अंगणात. मग सवत आणल्यासारखं तोंड का करून बसतोस?"

मी पेपराचं पान उलटलं. बाप माझा होता, म्हणूनच तर.

माझ्याकडे एकच गोष्ट होती. श्रावणात आप्पा मला हळूच बाजूला घेऊन म्हणाले होते, "एकदा मिरजेला जाऊन येऊ. डोळे दाखवायचेत." डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. "आजोबा, तुम्हाला दिसतं तरी काय?" डॉक्टर म्हणाले. आप्पा म्हणाले, "लागतं तेवढं दिसतं." ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं. परत येताना बसमध्ये त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गाडी झाली की डोळे. तोवर घरात बोलू नकोस."

"आईला तरी?"

"कुणालाच नको. हेमाला तर मुळीच नको. म्हाताऱ्याला दिसत नाही कळलं, की ती माझा शब्द मानायची नाही. प्रत्येक गोष्ट आपली आपण बघेल. मग मी काय, नुसता उभा राहणार?"

"नाही सांगत."

"शब्द?"

"शब्द."

त्या दिवसापासून ती दोघं अंगणात हसली, की मी मनात म्हणायचो, हिला कुठं माहीत आहे. एवढ्यावर मी ते महिने काढले. आप्पांनी रंगाचे नमुने हातात धरून, मान तिरकी करून, "हाच. दुधावरच्या सायीचा रंग हवा, पिवळा नको, पांढराही नको," असं ठामपणे म्हटलं, तेव्हा त्यांच्या हातात पिस्त्याच्या रंगाची पट्टी होती. मी त्यांच्या मागून हळूच सायीच्या रंगाची पट्टी त्यांच्या हातात सरकवली. हेमा तेव्हा थिनरचा डबा उघडत होती. तिने पाहिलं नाही, असं मला वाटलं.

खंडेनवमीला गाडीवर प्रायमरचा शेवटचा हात चढून, घासून तयार होता. राखाडी, मऊ, भुकटी लावल्यासारखा. आप्पांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं, "पूजा हत्यारांची. गाडीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. तेलाचा हात लागला, कुंकू लागलं, तर रंग धरणार नाही."

"वाहनाला कुंकू न लावता खंडेनवमी?" आई म्हणाली. "बघा बाई. डेपोत तर गाड्या मळवट भरल्यासारख्या लाल व्हायच्या तुमच्या."

"डेपोतलं डेपोत."

आईने पाटावर हातोड्या, डॉल्या, गन, पेपरचे तुकडे मांडले. माझं पेनही ठेवलं. आप्पांनी हाताने एकेक वस्तू चाचपली. पेनाशी थांबले.

"ह्यानं पत्रा निघतो का?"

हेमा हसली. आईही हसली. मीही हसलो.

आईने कुंकू ओलं करून हत्यारांना लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आरती झाली. गाडीच्या पुढच्या काचेवर तेवढा एक झेंडूचा हार टांगायला परवानगी मिळाली. मग आम्ही जेवायला आत आलो. आप्पा हात धुवायला म्हणून मागे राहिले होते, ते जरा उशिरा आले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रंग द्यायचा ठरला. धूळ बसावी म्हणून हेमाने अंगणात सडा टाकला होता. शेडला ओल्या चादरी बांधल्या. आप्पांनी तोंडाला पंचा गुंडाळला, तिने ओढणी. कॉम्प्रेसर सुरू झाला. मी चादरीच्या फटीतून पाहत होतो. हेमा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एका चालीने जायची, हात पत्र्यापासून तेवढाच लांब, वळताना गनच्या चापावरचं बोट उचललेलं. आप्पा तिच्या मागे, तिच्याच चालीने. तिने पाऊल टाकलं की तेही टाकायचे. "ओढ... ओढ... सोड. शाब्बास." नाच बसवल्यासारखं चाललं होतं. मी ओली चादर नीट केली. ती नीटच होती.

संध्याकाळी मी हापिसात होतो. गाडी कशी दिसते, ते मी सकाळी पाहिलं.

पाहण्यासारखीच होती. चिंचेखालचं ते भंगार सायीने झाकलेल्या पातेल्यासारखं तुकतुकीत झालं होतं. चादरी काढताना आई म्हणाली, "अगंबाई, केवढी गोजिरवाणी!" ती पुढच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली.

"हे काय?"

बॉनेटच्या मधोमध, सायीच्या रंगातून, गुलाबी काहीतरी वर आलं होतं. पाण्यात विरघळलेल्या कुंकवासारखं. फिकट, पण स्पष्ट.

"काय झालं?" आप्पा म्हणाले. ते बॉनेटपासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांचे डोळे त्याच जागेवर होते.

"डाग आलाय जरासा," हेमा पटकन म्हणाली. "लाल वर आलंय. घासून पुन्हा हात देऊ."

"डाग कसला? पंजा आहे पंजा!" आई म्हणाली. "कुंकवाचा पंजा उमटलाय. तळवा, बोटं, सगळं. कुणी लावला हा?"



आई माझ्याकडे वळली. "मुकुंदा, तू?"

मी आधी हेमाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, एकटक, पापणी न हलवता. ती नजर मला चटका देऊन गेली. म्हणजे हिलाही हेच वाटतं. वाटणारच. महिनोन्‌महिने ओसरीवर बसून पेपराआडून बघणारा माणूस, दुसरं कोण करेल असं?

मग मी तो पंजा नीट पाहिला. उपसंपादकाची सवय. समोर आलेलं आधी वाचायचं, मग बोलायचं.

अंगठा होता. मधलं बोट, अनामिका, करंगळी होती. तर्जनी मधल्या पेराशी संपली होती.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात हळूहळू मिटत होता. मूठ झाली आणि ती त्यांनी पाठीमागे नेली.

तेवढ्याने मला सगळं दिसलं. डेपोत दर खंडेनवमीला शिफ्टमधल्या शेवटच्या गाडीवर कुंकवाचा पंजा उठवायचा मान त्यांचा असायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. सगळे जेवायला वळले आणि त्यांना राहवलं नाही. स्वतःच घातलेला नियम मोडला, मग लगेच फडक्याने पुसून काढला. पुसला गेला, असं त्यांना वाटलं. राहिलेलं त्यांना दिसलं नाही.

आणखी क्षणभर गेला असता तर आईने बोटं मोजली असती. मग "तुम्हाला दिसलं कसं नाही?" हा प्रश्न आला असता. हेमासमोर.

"हो," मी म्हणालो. "मीच लावला."

"तू?" आई म्हणाली. "अरे, पण का?"

"वाहनाला कुंकू नाही म्हणून तूच कुरकुरत होतीस. लावला. मग पुसला. नीट पुसला गेला नाही."

आई बॉनेटकडे पुन्हा वळू लागली, तेवढ्यात हेमाने ओलं फडकं त्या पंजावर टाकलं. "आई, तुम्ही चहाचं बघता? आज दिवसभर घासायचंय."

आई पुटपुटत आत गेली. "तिशी आली, अक्कल नाही आली."

आप्पा हलले नाहीत. त्यांची मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळली होती.

"पत्र्याला हात लावलास तू," ते म्हणाले.

"हो."

"नको म्हटलं असताना."

"हो."

मग घसा खाकरून म्हणाले, "मग आता बसायचं नाही ओसरीवर. ज्यानं घाण केली त्यानं घासायचं. ये इकडं."

ये इकडं. शाळेनंतर पहिल्यांदाच.

मी शर्ट काढून ठेवला. आप्पांनी पेपर पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला, धरायचा कसा ते दाखवलं आणि चहासाठी ओसरीकडे गेले. पायरी आली तशी पायाने चाचपली. मी घासू लागलो. बादलीतलं पाणी आधी सायीसारखं झालं, मग गुलाबी. हातून काही मोठं घडल्यासारखं वाटत होतं. बापाचं गुपित मी राखलं होतं. ज्यांना मी नकोसा होतो त्यांच्यासाठी आळ घेतला होता. आणि समोर घासत असलेल्या बाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तुला वाटलं ना, मीच केलं असणार," मी हळू आवाजात म्हणालो.

हेमाने मान वर केली नाही. "काहीतरीच काय?"

"मग बघत काय होतीस तशी?"

"बोलू नका म्हणून बघत होते. तुम्ही बोटं वाचून काढाल आणि 'हा तर आप्पांचा' म्हणून मोकळे व्हाल, अशी भीती वाटली मला." ती पाणी ओतत म्हणाली, "मी नवमीलाच पाहिला पंजा. ताटं वाढताना खिडकीतून. आप्पांनी पुसला, पण बराच राहिला होता. नंतर मी कोरड्या फडक्याने टिपला. म्हटलं, दोन हातांत झाकला जाईल. आमच्या पेणला झाकतो. गणपतीच्या शेल्याचा लाल सांडला तरी पांढऱ्याचा हात मारला की गेला. पण तो पाण्यातला रंग. हा थिनरचा. थिनरने कुंकू विरघळवून वर आणलं. हे मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे."

"आप्पांना का नाही विचारलंस?"

"काय विचारू? तुम्हाला दिसला नाही का, म्हणून?"

माझा हात थांबला.

"त्यांना दिसत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गौरी आल्या तेव्हापासून बघतेय. खडूचा गोल ते बोटाने शोधतात. आणि ती पिस्त्याची पट्टी... बरं झालं तुम्ही बदललीत. मीच बदलणार होते, तेवढ्यात तुमचा हात आला." आता तिने वर पाहिलं आणि ती हसली, अगदी साधं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नाही की मला ठाऊक आहे. म्हणून मी बोलले नाही. तुम्हाला त्यांनी शब्दात बांधलं असेल, नाही का?"

मी पेपर पुन्हा पाण्यात बुडवला. तिच्यावर रागवायला काही जागाच नव्हती. तिने काही घेतलं नव्हतं. मी जिथे म्हणून पोचत होतो, तिथे ती आधीच येऊन, माझ्यासाठी जागा ठेवून, बाजूला सरकून बसलेली असायची. ते मला त्या दिवशी गिळता आलं नाही.

"अहो, हळू," ती म्हणाली. "पत्रा उघडा पडेल."

आप्पा चहा पिऊन परत आले. घासलेल्या भागावरून त्यांनी हात फिरवला. तो आखूड बोटाचा पंजा आता फडक्याखाली नव्हता, पत्र्यावरही नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता बघ. डोळे मीट."

"मी?"

"मग कोण? तूच."

त्यांनी मलमलचा तुकडा पसरला. माझा हात त्यावर ठेवला आणि माझ्या हातावर स्वतःचा. त्यांचा तळवा खरखरीत होता, गरम होता. तर्जनीचं ते अर्धं टोक माझ्या बोटाच्या सांध्यावर येऊन थांबलं.

"इथं एक खड्डा राहिलाय. शोध."

हात सरकला. मला मलमल लागत होती. त्यांचं बोट लागत होतं. खड्डा लागत नव्हता. मी मागे आलो, पुन्हा गेलो. आप्पा श्वास धरून उभे होते. शाळेतल्या त्या दिवशीही असेच उभे होते.

मी डोळे किलकिले केले.

बॉनेटच्या पलीकडे हेमा वाकून उभी होती. तिने काही न बोलता एक बोट पुढे केलं आणि पत्र्यावर एका जागी टेकवलं. मग उचललं.

हात तिथे आल्यावर मी थांबलो. "इथं."

आप्पांनी माझा हात बाजूला केला, स्वतःचा फिरवला. त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला. तो पडलेला दात दिसला.

"अरे, बरोबर! अगदी बरोबर!" त्यांनी माझ्या पाठीवर ओल्या हाताने थाप मारली. "पोरी, बघितलंस का? ह्याचा हात ऐकायला लागला की!"

"बघितलं, आप्पा," हेमा म्हणाली.

बॉनेट पुन्हा रंगवलं. दिवाळीनंतर आप्पांचे दोन्ही डोळे झाले. पट्टी निघाल्यावर घरी आले ते थेट शेडमध्ये गेले, बॉनेटसमोर बराच वेळ उभे राहिले. पुढे दहा-बारा वर्षं ती हेराल्ड त्यांनी चालवली, आणि गाडी बघायला येईल त्याला तो खड्डा जिथे होता ती जागा दाखवली. "हा माझ्या पोरानं शोधलेला. डोळे मिटून. उशिरा आला हात, पण आला." मी शेजारी उभा असायचो. हेमा चहाचा ट्रे घेऊन यायची, ऐकायची, "हो ना," म्हणायची आणि कप पुढे करायची.

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी पत्र्यावर बोट कुणाचं टेकलं होतं, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नाही. मला एकांतातही कधी टोमणासुद्धा मारला नाही. मी तिच्या जागी असतो तर एकदा तरी बोललो असतो.

तेवढंसुद्धा तिलाच जमलं.